वारसाहक्काचा दावा आणि वकिलाची निवड

शेतकऱ्यास बैल घ्यावयाचा असला म्हणजे तो बाजारांत चार फेऱ्या घालतो, दांत पाहतो, खूर पाहतो, बैल औतास जुंपून दहा पावलें चालवून पाहतो, आणि मग दराची गोष्ट काढतो. तोच शेतकरी, वडिलांमागें भावाबहिणींत जमिनीचा वाद उपस्थित झाला, कीं ज्या वकिलाचें नांव प्रथम कानीं पडेल त्याच्या कचेरींत जाऊन वकीलपत्रावर सही करून मोकळा होतो, आणि पुढें दहा-दहा वर्षें त्या सहीचें फळ भोगीत बसतो. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. त्या अवधींत वारसनोंदीचे कागद आमच्या हातांखालून पुष्कळ गेले, आणि थकलेले, हरलेले पक्षकारही पुष्कळ पाहण्यांत आले. त्यांपैकीं कित्येकांची बाजू खरी होती. त्यांचे वकील लबाड होते असेंही म्हणतां येणार नाहीं. ते त्या कामाचे नव्हते, इतकेंच. फौजदारींत नांव मिळविलेला वकील, भाडेकरूंचे दावे चालविणारा वकील आणि जमिनीच्या वारसाचा दावा चालविणारा वकील हे तिघे एकाच काळ्या कोटांत वावरत असले, तरी त्यांची विद्या एक नव्हे. तेव्हां वारसाच्या वादास योग्य वकील कसा ओळखावा, याविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल मुंबई उपनगर जिल्ह्यांतील कांदिवली घेऊं. बोरिवली तालुक्यांतील कांदिवली, पोयसर, आकुर्ली व चारकोप हीं गांवें १९५७ सालीं बृहन्मुंबईंत सामील झालीं. पूर्वीं येथील भातखाचरांचें मोल भाताच्या मणांवरून ठरे. आज त्याच जमिनीचें मोल चौरस फुटांवरून ठरतें. गुंठाभर बांधासाठीं भाऊ भावाशीं महिनाभर अबोला धरी आणि गणपतींत पुन्हां एका पंक्तीस जेवावयास बसे. आज त्या गुंठ्यावर इमारत उभी राहूं शकते, म्हणून अबोल्याचें रूपांतर दाव्यांत होतें. शिवाय येथील कागदपत्र मोठे गुंतागुंतीचे. साष्टींतील जुन्या इस्टेटींची महसूलमाफी १९५१ च्या कायद्यानें रद्द झाली. कुळकायद्यानें कांहीं जमिनींत कुळांचे हक्क शिरले. पुढें सिटी सर्व्हे झाला आणि सातबाऱ्याच्या जोडीला मिळकतपत्रिका आली. एकाच जमिनीवरचे हे तीन-चार थर ज्यास उलगडतां येत नाहींत, त्यानें कांदिवलीच्या वारसाचें काम हातीं घेऊं नये. पुणें, नाशिक, ठाणें या शहरांच्या कडेला ज्यांच्या जमिनी आहेत, त्या वाचकांसही ही दशा ओळखीची वाटेल.

वकिलाची खरी परीक्षा त्याच्या उत्तरांवरून होत नाहीं, त्यानें विचारलेल्या प्रश्नांवरून होते. पोयसरचेंच पाहा. येथें पोर्तुगीज अमदानीपासूनचें अवर लेडी ऑफ रेमेडी हें चर्च आहे, आणि या भागांत पिढ्यान् पिढ्या शेती केलेलीं ईस्ट इंडियन ख्रिस्ती घराणीं आहेत. शेजारीं हिंदु शेतकऱ्यांचीं खाचरें. बांध एक, माती एक. पण वारसाचा कायदा निराळा. ख्रिस्ती गृहस्थ इच्छापत्र केल्यावांचून वारला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें, मुलेंबाळें असल्यास, विधवेस एकतृतीयांश मिळतें व उरलेले दोनतृतीयांश मुलगे व मुली यांस सारखे वांटले जातात. हिंदूस १९५६ चा कायदा लागू होतो. त्यांत विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस. मृताची म्हातारी आई हयात असतां तिचें नांव अर्जांत घालावयाचें असतें, हें पुष्कळ अर्जदारांच्या गांवींही नसे, आणि खेदाची गोष्ट ही कीं, त्यांचे अर्ज लिहून देणाऱ्या कित्येक वकिलांच्याही नसे.

हिंदु कुटुंबांत यापुढें तारखांचा प्रश्न येतो. वडील १७ जून १९५६ च्या आधीं वारले कीं नंतर? जमीन वडिलोपार्जित, स्वकष्टार्जित, कीं कुळकायद्यानें मिळालेली? वांटप झालें असल्यास नोंदलेल्या दस्तानें झालें, कोर्टाच्या हुकुमानें झालें, कीं ओटीवर बसून तोंडानें? महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ पूर्वीं ज्यांचीं लग्नें झालीं होतीं त्यांस वगळलें. पुढें ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या दुरुस्तीनें विवाहित-अविवाहित हा भेद गेला. त्या दिवशीं वडील हयात असावयास पाहिजेत कीं काय, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षें घोळ चालला. २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हयात पाहिजेत असें म्हटलें. ११ ऑगस्ट २०२० रोजीं न्यायमूर्ति अरुण मिश्र यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांनीं तशी गरज नाहीं, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, असा निर्णय दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदणीकृत दस्तानें किंवा हुकुमनाम्यानें झालेलें वांटप मात्र मोडत नाहीं, आणि तोंडी वांटपाची सबब सबळ सरकारी कागदांवांचून चालत नाहीं. आतां एखादी बहीण वकिलाकडे गेली आणि त्यानें, "ताई, वडील २००५ पूर्वींच वारले ना? मग तुमचा हक्क उरला नाहीं," असें सांगितलें, तर त्यानें २०२० नंतर पुस्तक उघडलेलें नाहीं असें समजून ताईंनीं नमस्कार करून उठावें. इच्छापत्राचेंही असेंच. मुंबईंतील हिंदूच्या इच्छापत्रास प्रोबेट घेतल्यावांचून कोर्टांत हक्क सांगतां येत नसे; तें कलम संसदेनें २०२५ सालीं काढून टाकलें. सक्ति गेली तरी वादाच्या मिळकतींत प्रोबेट घेणें हिताचें कीं नाहीं, याचा विचार कागद पाहून करावा लागतो, आणि तो जो वकील करतो तो आपल्या कामाचा.

आतां आमच्या स्वतःच्या खात्याविषयीं. सातबाऱ्यावर नांव चढलें म्हणजे मालकी मिळाली आणि नांव गळलें म्हणजे मालकी गेली, अशी समजूत खेडोपाडीं पक्की बसलेली आहे. ती खोटी आहे. सरकारनें महसूल कोणापासून घ्यावा, एवढ्यापुरती फेरफाराची नोंद. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें नोंद खरी धरावयाची असते, पण तें विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि फेरफारानें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें वारंवार सांगितलें आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आंत वारसांनीं तलाठ्यास, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कळवावें; हरकत आल्यास तिची चौकशी होऊन नोंद मंजूर वा नामंजूर व्हावी, एवढाच त्या कामाचा आवांका. वांटपाचेंही तसेंच. त्याच संहितेच्या ८५ व्या कलमाखालीं महसूल अधिकारी जमिनीचें वांटप करूं शकतात, परंतु हक्काचाच वाद निघाला तर दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत त्यांना हात आंवरावा लागतो.

आमच्या पाहण्यांतील एका घराण्याची हकीकत येथें सांगणें अवश्य आहे. वडील वारल्यावर थोरल्या भावाचें नांव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून लागलें आणि दोन बहिणींचीं नांवें 'इतर हक्क' या रकान्यांत गेलीं. कांहीं वर्षांनीं एका फेरफारानें तीं तेथूनही गळालीं. बहिणींनीं वकील केला. गृहस्थ सज्जन, महसुली कचेऱ्यांतून त्यांची ऊठबस दांडगी. म्हणून त्यांनीं आपल्याला ठाऊक असलेली वाट धरली. प्रांतांकडे अपील, तेथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून आयुक्तांकडे, आणि शेवटीं मंत्रालयांत फेरतपासणी. एकेका पायरीस दोन-दोन, तीन-तीन वर्षें लागलीं. शेवटचा हुकूम आला तो असा कीं, प्रश्न हक्काचा असल्यानें पक्षकारांनीं दिवाणी न्यायालयांत दाद मागावी. तोंपर्यंत भावानें जमीन एका विकसकास लिहून दिली होती आणि तिच्यांत पाया खणला गेला होता. धाकटी बहीण हुकुमाची नक्कल घेण्यास आली तेव्हां तिनें आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, मग एवढीं वर्षें आम्ही भांडलों तें कशासाठीं?" नक्कल आम्हींच तयार केली होती, तींत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें.

या कामाचा जाणता वकील असता तर त्यानें पहिल्याच वर्षीं दिवाणी न्यायालयांत वांटपाचा दावा लावला असता, विक्रीस मनाईचा अर्ज दिला असता, आणि महसुली अपील नुसतें जोडीला ठेवलें असतें. शिवाय आणखी एक काम त्यानें केलें असतें, ज्याची माहिती मुंबईबाहेरून आलेल्या चांगल्या चांगल्या वकिलांसही नसते. दावा चालू असतां जमीन विकली, तर विकत घेणारा दाव्याच्या निकालास बांधला जातो, हा देशभरचा नियम. बृहन्मुंबईंतील मिळकतीस मात्र १९३९ सालच्या मुंबईच्या दुरुस्तीप्रमाणें दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. न नोंदविल्यास या नियमाचा आधार खरेदीदाराविरुद्ध घेतां येत नाहीं. म्हणून कांदिवलीच्या जमिनीसाठीं वकील करतांना त्यास सरळ विचारावें, "वकीलसाहेब, दाव्याची नोटीस नोंदवावी लागेल काय?" या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुष्कळ कळतें.

मुदतीचें भान हेंही असेंच महत्त्वाचें. बहिणींकडून हक्कसोडपत्र फसवून घेतलें असेल, तर तें रद्द करण्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतून वगळलें गेल्याचें कळल्यावर हिस्सा मागण्याची मुदत बारा वर्षांची. जो वकील पहिल्या भेटींत "हें तुम्हांस केव्हां कळलें, आणि कशावरून कळलें?" असें विचारीत नाहीं, त्यानें दाव्याचें घड्याळ पाहिलेंच नाहीं. आणि वारसाचा दाखला म्हणून सक्सेशन सर्टिफिकेट काढावयास जो सांगतो, त्यापासूनही जपून असावें. तें बँकेंतील पैसे, रोखे, येणें यांच्यासाठीं असतें. जमिनीच्या हक्कास त्याचा उपयोग नाहीं.

दावा कोठें लावावयाचा हेंही मोलावर ठरतें. कांदिवलीचे दिवाणी दावे नगर दिवाणी न्यायालयाच्या दिंडोशी येथील शाखेंत चालतात. या न्यायालयाची मर्यादा पूर्वीं एक कोटि रुपयांची होती. २०२४ च्या आरंभापासून ती दहा कोटि झाली. त्यावरच्या मोलाचा दावा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेंत जातो. तेथें कागद तयार करणारा सॉलिसिटर निराळा व उभा राहून बोलणारा कौन्सिल निराळा, अशी जुनी चाल अजून पुष्कळ ठिकाणीं चालू आहे, आणि खर्च त्या मानानें वाढतो. दिंडोशीस नेमानें उभा राहणारा मध्यम वयाचा वकील आपणांस पुरेल, कीं फोर्टांतील मोठी कंपनी लागेल, हें आपल्या हिश्शाचें मोल काढल्यावांचून ठरवूं नये. मोठ्या नांवाचा वकील पुष्कळदां पहिल्या तारखेस दिसतो आणि पुढें त्याचा उमेदवार येतो. आमच्या मतें, प्रत्येक तारखेस स्वतः येणारा साधा वकील यापेक्षां बरा.

असा मनुष्य शोधावा कसा? वकिलांस जाहिरात करण्यास मनाई आहे, तेव्हां जो स्वतः होऊन आपणांस शोधीत येतो त्याची शंकाच घ्यावी. कचेरींतील कारकून किंवा शिपाई एखाद्याचें नांव सुचवूं लागला, तर तें नांव तेवढें सोडून द्यावें. आम्ही स्वतः कारकून होतों, म्हणून हें सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे. आपल्या पंचक्रोशींत ज्यांच्या वांटपाचा दावा निकालास लागला असेल त्यांच्याकडे जावें, आणि त्यांच्या स्वतःच्या वकिलाविषयीं न विचारतां विरुद्ध पक्षाच्या वकिलाविषयीं विचारावें. आपणांस ज्यानें घाम फोडला तो वकील शेतकरी विसरत नाहीं, आणि त्याच्याविषयीं तो खोटेंही बोलत नाहीं. मग दोन-तीन नांवें मिळाल्यावर एक दिवस मोडून दिंडोशीस जाऊन मागच्या बांकावर बसावें. न्यायालय सर्वांस उघडें असतें. साक्षीदाराची उलटतपासणी चालली असतां कोणाच्या हातांत फेरफाराचा उतारा खुणा करून ठेवलेला आहे, आणि कोण ऐन वेळीं कागद चाळीत बसला आहे, हें पाहण्यास इंग्रजी यावें लागत नाहीं. ई-कोर्ट्सच्या व्यवस्थेंत कोणत्या दाव्यांत कोण वकील आहे व तारखा कशा पडल्या हें घरबसल्या पाहतां येतें. गांवांतील एखाद्या शिकल्या मुलास हातीं धरावें. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आहे कीं नाहीं हेंही पाहावें.

कांदिवलीस विशेष जपावयाचें तें आणखी एका प्रकारच्या मदतीपासून. भावांत भांडण आहे असा वास लागला कीं विकसकाचा माणूस दारांत येतो, आणि "काका, वकील आम्ही देतों, खर्च आमचा, तुम्हीं फक्त सही करा," असें म्हणतो. वकिलाचे पैसे जो देतो त्याच्या हिताकडे वकिलाचें लक्ष राहणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. विकसकास तुमचा हिस्सा हवा असतो, आणि तो स्वस्त हवा असतो. तुमचा दावा लांबला तर त्याचें बिघडत नाहीं, उलट तुम्ही थकलां तर त्याचें साधतें. विकसकाशीं व्यवहार करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. व्यवहार करावा, पण आपल्या पैशानें नेमलेल्या वकिलामार्फत.

पहिल्या भेटीस जातांना नुसती कहाणी घेऊन जाऊं नये. सातबारा, आठ-अ, मिळकतपत्रिका, पणज्यापासूनचे सर्व फेरफार, मृत्यूचे दाखले, असतील ते दस्त, आणि एका कागदावर लिहिलेली वंशावळ बरोबर न्यावी. वंशावळींत मेलेलीं, परगांवीं गेलेलीं व ज्यांच्याशीं बोलणें नाहीं तींही माणसें घालावीं. वारस एक जरी वगळला तरी दावा पुढें अडतो. कागदांच्या नकला द्याव्या. अस्सल कागद आपल्या पेटींत ठेवावे. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा वकिलास अधिकार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं ठरविलें आहे. तरीही अडकलेले कागद सोडवितां सोडवितां एक पावसाळा जातोच. फी किती, ती कोणत्या टप्प्यास द्यावयाची, आणि मनाईच्या अर्जाची निराळी कीं त्यांतच, हें लिहून घ्यावें व पावती मागावी. "फी देऊं नका, जिंकल्यावर जमिनीचा चौथा हिस्सा द्या," ही बोली वकिलांच्या नियमांत निषिद्ध आहे. जो पहिल्याच दिवशीं नियम मोडतो तो शेवटच्या दिवशीं काय करील? वकीलपत्रांत तडजोड करण्याचा अधिकार बहुधा छापलेला असतो. सही करण्यापूर्वीं तेवढी ओळ वाचून घ्यावी.

"दावा शंभर टक्के आपलाच" असें म्हणणाऱ्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ सालीं वारले आणि त्यांच्या इच्छापत्राचे एक विश्वस्त लोकमान्य टिळक होते. १९०१ सालीं औरंगाबादेस जगन्नाथ महाराजांचें दत्तविधान झालें. पुढें ताई महाराजांनीं दुसराच दत्तक घेतला, आणि इस्टेटीचा वाद सुरू झाला. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. त्या काळीं मिळूं शकणारे उत्तम वकील या कामांत होते. १९०६ सालीं पुण्याच्या न्यायालयानें निकाल टिळकांच्या बाजूनें दिला; १९१० सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो फिरविला; १९१५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें पुन्हां टिळकांच्या बाजूनें दिला. मध्यंतरीं टिळकांस खोट्या साक्षीच्या आरोपावरून शिक्षा झाली व उच्च न्यायालयांत ते सुटले, तें निराळेंच. प्रकरण एकच, दत्तविधान तेंच, आणि न्यायालयागणिक निकाल उलटासुलटा. जेथें लोकमान्यांस कोणी खात्री देऊं शकलें नसतें, तेथें चाळीस गुंठ्यांच्या दाव्याची खात्री देणारा वकील एक तर अज्ञानी असतो, किंवा तो आपणांस अज्ञानी समजतो. आपल्या बाजूंत उणें काय आहे हें जो पहिल्या दोन भेटींत स्पष्ट सांगतो, त्याच्याकडे काम द्यावें. असा मनुष्य ऐकावयास कडू लागतो.

ज्या बहिणींच्या हातीं पैसा नाहीं त्यांनीं वकील परवडत नाहीं म्हणून हक्क सोडूं नये. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणें स्त्रियांस, उत्पन्न कितीही असलें तरी, मोफत वकील मागतां येतो. मालमत्तेच्या वादांत स्त्रियांस कोर्ट फी माफ करणारी अधिसूचनाही राज्य सरकारनें १९९४ सालीं काढलेली आहे, ती आपल्या दाव्यास कशी लागू करून घ्यावयाची हें वकिलास विचारावें. तडजोड होण्यासारखी असेल तर लोकअदालतींत करावी. तेथील निवाड्यावर अपील नाहीं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीचें नांव काढलें कीं जो वकील नाक मुरडतो त्यास तारखा प्यार्‍या, असें आम्ही समजतों.

राहतां राहिला निकालानंतरचा भाग. वांटपाच्या दाव्यांत प्रथम प्राथमिक हुकुमनामा होतो. त्यांत कोणाचा हिस्सा किती एवढेंच ठरतें. लोक पेढे वांटतात आणि घरीं जातात. वास्तविक, प्रत्यक्ष कोणता तुकडा कोणाचा हें ठरून अंतिम हुकुमनामा व्हावयाचा असतो, त्यास मुद्रांक लागतो, आणि सारा भरणारी जमीन असल्यास प्रत्यक्ष वांटणी जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत होते. आम्हीं आमच्या नोकरींत असे प्राथमिक हुकुमनामे पाहिले आहेत, कीं जे मिळविणारा आजा वारला, बाप म्हातारा झाला, आणि नातू त्याची पिवळी पडलेली नक्कल घेऊन आमच्या टेबलापाशीं उभा राहिला. म्हणून वकिलाशीं बोली करतांना ती प्राथमिक हुकुमनाम्यापर्यंतची कधींही करूं नये. अंतिम हुकुमनामा, त्याची अंमलबजावणी, आणि मिळकतपत्रिकेवर व सातबाऱ्यावर प्रत्येक हिस्सेदाराचें नांव स्वतंत्र लागणें, येथपर्यंतचें काम पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून घ्यावें, आणि फीचा शेवटचा हप्ता त्या उताऱ्याच्या नकलेवर द्यावा.